रिकाम्या जागेचं एक मिनिट

जगातली कुठलीही गोष्ट तीनदा बघितल्याशिवाय खरी मानायची नाही, असा नेम घेऊनच जन्माला आलेली एकच बाई मी आजवर पाहिली, आणि ती नेमकी आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. नाव होतं तिला, आईबापांनी हौसेने ठेवलेलं असणार, पण आमच्या घरात ते कुणी कधी घेतलं नाही. वरच्या खोलीत राहते म्हणून ती ‘वरची’. एकदा तिच्यासमोरच माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि मी जीभ चावली. ती मात्र अगदी गंभीरपणे म्हणाली, “चालेल काकू. नमुना कुठला ते नावातच कळतंय.” आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं, आणि माया न लावता राहायचं तरी कसं?

आली तेव्हा पस्तिशी ओलांडलेली होती. पुण्याकडची. खाडीतल्या शिंपल्यांवर संशोधन करायची, इथल्या एका प्रयोगशाळेत पर्मनंट नोकरी. सामान टेम्पोतून आलं. एकवीस खोकी, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. ‘पुस्तके’, ‘काच’, ‘किरकोळ, तपासलेले’ आणि ‘किरकोळ, न तपासलेले’. ते शेवटचं खोकं बघून मला वाटलं, चला, आपला सगळा संसार बसेल असं एक तरी खोकं या बाईकडे आहे. पंधरा दिवसांत माझ्या फळीवरच्या बरण्यांवर चिठ्ठ्या आल्या. लोणच्याच्या बरणीवर तारीख, वेळ आणि ‘वास: तीव्र’. माशाचं सार वाढलं की ती आधी एक घास खायची, मग पाणी प्यायची, थांबायची, दुसरा घास, पुन्हा पाणी, आणि तिसऱ्या घासानंतर म्हणायची, “छान झालंय.” मी म्हटलं, अगो, पहिल्या घासाला कळलं नाही का? तर म्हणे, “पहिल्या घासाला भूक असते काकू. निरीक्षणात दोष येतो.” आमचे हे शाळेत क्लार्क होते, आयुष्यभर कमी बोलले, पण त्या दिवशी ताटावरून मान वर करून म्हणाले, “मी चाळीस वर्षांपूर्वी चहापोह्यांच्या पहिल्याच घासाला होकार देऊन बसलो. तेव्हा ही कुठे होती?”

आणि तिचं दार वाजवणं. खाली यायची ती नेहमी तीन टकटक करून. दार सताड उघडं असलं तरी तीन. मी विचारलं, तीनच का गो? तर सांगते कशी, “एकदा वाजलं तर काहीही असू शकतं. दोनदा वाऱ्यानेही वाजतं. तीनदा वाजवणारं माणूसच असतं.” आमचं घर खाडीच्या अंगाला, दाराला सतत वारा. नंतर आम्हालाही ती सवय लागली. दोनदा वाजलं की घरातलं कुणी जागचं हलायचं नाही. एकदा यांचे साडू खास भेटायला आले, दोन टकटक करून पाच मिनिटं उभे राहिले आणि रागाने परत गेले.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्याच अंगणात पलीकडच्या दोन खोल्यांत राहतात. भावोजी लवकर गेले. अक्कांनी दोन मुलं वाढवली ती खाडीवर. ओहोटीला, आम्ही तिला सुकती म्हणतो, सुकती लागली की कासोटा घालून चिखलात उतरायचं, पायाने चाचपून शिंपल्या काढायच्या, खडकावरची कालवं कोयतीने फोडायची, आणि टोपली घेऊन गावात दारोदार वाटे लावून विकायच्या. मुलं मुंबईला गेली, मिळवती झाली, “आता पुरे कर आये” म्हणाली, तरी अक्का खाडीवर जायच्याच. “घरात बसून काय भिंती मोजू?” म्हणायच्या.

वरची एकदा त्यांच्यामागून चिखलात गेली. तिच्याजवळ एक लोखंडी चौकट होती. ती चिखलावर टाकायची, चौकटीच्या आत किती शिंपल्या सापडतात ते मोजायचं आणि कागदावर लिहायचं, हे तिचं काम. चार वेळा चौकट टाकली, चार वेळा मिळून तीन शिंपल्या. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “काय गो बाये, चौकट टाकून शिंपली गावते व्हय? पाय टाक पाय!” असं म्हणून त्यांनी दहा पावलांवर टाच फिरवली आणि ओंजळभर शिंपल्या काढून तिच्या चौकटीत ओतल्या. “घे. आता मोज.” वरची हातभर चिखलात तशीच उभी. मला नंतर म्हणाली, “काकू, त्यांनी माझं सॅम्पल बिघडवलं.” मग नखातला चिखल काढत म्हणाली, “की मीच इतकी वर्षं बिघडवत होते?”

त्यानंतर ती रोज अक्कांबरोबर जायला लागली आणि तीन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. सिनेमा करणार म्हणाली. नाचगाण्याचा नव्हे, खऱ्या माणसांचा. डॉक्युमेंटरी. तिच्या आईचा फोन मला आला. बिचारी रडत होती. “तुम्ही समजवा हो तिला. पंधरा वर्षं घातली तिने यात. आणि कॅमेरा कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?” मी आपली पदर खोचून वर गेले. म्हटलं, बघ गो, सरकारी पगार आहे, वय आहे, आई आहे. ती काही वादाला बसली नाही. तिने प्रयोगशाळेचा एक छापील फॉर्म माझ्यापुढे ठेवला. जागा, वेळ, भरती-ओहोटी, चिखलाचा रंग, शिंपल्यांची संख्या, असे रकाने, आणि सगळ्यात शेवटी ‘शेरा’. तो रकाना जेमतेम दोन बोटांचा. “काकू,” ती म्हणाली, “शिंपल्या कुठे असतात हे अक्कांच्या टाचेला कळतं. ते मी कुठे लिहू? या दोन बोटांत अक्का मावत नाहीत हो.” मी तो कागद वरून खाली तीनदा वाचला. माझी शाळा सातवीपर्यंतची, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर, पण रकान्यात न मावणारी माणसं मला माहीत आहेत. खाली येऊन मी तिच्या आईला फोन लावला. म्हटलं, “अहो, ती ऐकत नाही. आणि खरं सांगू का, आता मलाही तिचं पटायला लागलंय. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी समजवायला पाठवा.”

कॅमेरा आला. माणसं कॅमेरा आला की फोटो काढतात. हिने त्याची पुस्तिका वाचायला घेतली, पोथी वाचावी तशी, सकाळी आंघोळ करून, पहिल्या पानापासून. बॅटरी तोंडात घालू नये इथपर्यंत सगळं वाचलं. बारा दिवस कॅमेरा पेटीतच. अक्का रोज विचारायच्या, “गो, ता तुजा पारायण संपला काय?” आणि एकदाचं शूटिंग सुरू झालं तेव्हा तर काय सांगू! विज्ञान सोडलं म्हणाली खरी, पण विज्ञान तिला कुठे सोडतंय? प्रत्येक गोष्ट तीनदा. अक्कांनी चिखलातून शिंपल्या काढल्या की ही म्हणायची, “अक्का, परत एकदा.”

“काढलेल्या शिंपल्या परत कशा काढू? चिखलात पेरू काय?”

तर ही खरंच टोपली घेऊन गेली आणि मोजून तेवढ्या शिंपल्या चिखलात पुरून आली! अक्का हसून हसून खाली बसल्या. किनाऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, लोक भात लावतात, ही शिंपल्या लावते. प्रश्न विचारायची तेही तसेच. प्रश्नात उत्तर असता कामा नये म्हणे. म्हणून कोयती हातात घेऊन खडकावर बसलेल्या अक्कांना विचारायचं, “अक्का, आपण आत्ता काय करत आहात?”

“दिसत नाय? डोळे फुटले काय तुजे?”

“नोंद घेतली,” असं म्हणून वरची पुढचा प्रश्न.

पण या सगळ्यावर कळस होता तो रिकाम्या मिनिटाचा. एखादा शॉट झाला की ती सगळ्यांना बाजूला करायची, अक्कांनासुद्धा, आणि मग त्याच जागेचं, कुणीही नसताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट चित्रण करायची. नुसता चिखल. नुसता खडक. नुसता घाट. मी विचारलं, अगो हे कशाला? म्हणे, “तुलनेसाठी. माणूस असताना काय असतं हे कळायचं तर माणूस नसताना काय असतं ते आधी बघायला नको?” प्रयोगशाळेत म्हणे असंच करतात, ज्याला काही केलेलं नाही असा एक नमुना शेजारी ठेवतात. गावात टिंगल व्हायची. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला तिला हौसेने बोलावलं, म्हटलं तेवढेच चार फोटो चांगले येतील. तिने नवरानवरीला पाटावरून उठवलं आणि रिकाम्या पाटांचं मिनिटभर चित्रण केलं. मुलाकडची मंडळी हबकली. मुलाची आत्या मोठ्याने म्हणाली, “अपशकून!” वरची शांतपणे म्हणाली, “नाही, तुलना.” ते लग्न पुढे टिकलं, दोन मुलं झाली, म्हणून बरं. नाहीतर मला माहेरचं दार बंद झालं असतं.

अशातच अक्कांच्या डोळ्यांचं कळलं. एके दिवशी सुकतीला त्या खडकाची कड चुकल्या आणि गुडघा फोडून घेऊन आल्या. मी डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, आणि उरलंय तेही हळूहळू जाईल, औषधाने फार तर सावकाश जाईल. मुलांचा मुंबईहून फोन आला, आता खाडी बंद म्हणजे बंद. संध्याकाळी वरची खाली आली, तीन टकटक करून. अक्का तिला म्हणाल्या, “बाये, आता मना खाडीवर कोण जाऊ देणार नाय. माजा तोंड बगायची मना हौस नाय. पण खाडी मना एकदा बगायची हाय. डोळे हायत तवर. लवकर कर गो.”

“शिमग्याला दाखवते,” वरची म्हणाली. “नक्की.”

शिमगा आला, पालखी आमच्या अंगणात नाचून गेली, फिल्म काही झाली नाही. का, तर दोन शॉट शेजारी शेजारी जोडायचे होते आणि एकात पाणी दोन बोटं खाली होतं. मी म्हटलं, “दोन बोटं पाणी कुणाला कळणार आहे?” ती म्हणाली, “अक्कांना.” आणि ते खरंच होतं. मग तितकंच पाणी परत यायची वाट बघत पंधरा दिवस. तेव्हा ढग आले. मग आणखी पंधरा दिवस. मग पाऊस, खाडी तांबडी. गणपती आले आणि गेले. मी तिच्यावर पहिला आणि शेवटचा आवाज चढवला तो तेव्हा. “अगो, तुझं ते तीन वेळा, तीन वेळा! अक्कांचे डोळे काय परत परत येणार आहेत? त्या आता चहाच्या कपात बोट घालून बघतात, भरला का ते!” ती जाऊन जिन्यावर बसून राहिली. माझंच मला वाईट वाटलं. रात्री जेवणात तिच्या आवडीचं सार केलं, तर पहिल्याच घासाला “छान झालंय” म्हणाली आणि उठली. तेव्हा मला कळलं की हिचं काहीतरी आतून मोडलंय.

दिवाळीनंतर मुंबईहून एक सिनेमातले गृहस्थ आले होते, तिच्या ओळखीचे, फिल्म बघायला. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा ते म्हणत होते, “मॅडम, हे रिकामे तुकडे काढून टाका. यात काही घडतच नाही. तिथे बासरी घाला, म्हातारीचा क्लोजअप घाला, लोक रडतील.” वरची म्हणाली, “तुलना काढली तर मग सिद्ध काय केलं?” ते गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “घ्या, चहा घ्या. पहिल्या घोटाला चव कळली नाही तर दोन घोट आणखी घ्या.”

फिल्म पूर्ण झाली ती पौषात. तोवर अक्कांना उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. दुपारी आमच्या पडवीत टीव्ही आणून ठेवला. मी, हे, शेजारच्या चार बायका. अक्कांना खुर्ची. वरची त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. “अक्का,” ती म्हणाली, “मला उशीर झाला.” अक्कांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. “लाव गो.”

फिल्म सुरू झाली. पडद्यावर अक्का चिखलात, अक्का खडकावर, अक्का खेकसतायत, “डोळे फुटले काय तुजे?” बायका हसल्या, आणि मग कुणाला काय आठवलं कोण जाणे, एकदम गप्प झाल्या. खुर्चीतल्या अक्का चुळबुळत होत्या. त्यांच्यापुढे नुसता उजेड हलत होता. “माजी बडबड मना म्हाईत हाय,” त्या पुटपुटल्या. वरचीने मान खाली घातली. मला तिच्याकडे बघवेना.

आणि मग ते पहिलं रिकामं मिनिट आलं.

पडद्यावर माणूस नाही, काही नाही. चिखल आणि पाणी. आणि आवाज. चिखलातून बुडबुडे फुटत होते, बारीक, चुट् चुट्. कुठून तरी पाण्याची धार दगडावरून उतरत होती. लांब, मिरकरवाड्याच्या बंदराच्या बाजूने, एका ट्रॉलरचं इंजिन. अक्का ताठ झाल्या.

“ही मोरीच्या तोंडाची जागा,” त्या म्हणाल्या. “पानी आताच फिरलंय. अजून घोट्यापर्यंत हाय.”

वरचीने झटकन मान वर केली. शूटिंगच्या नोंदींची वही उघडली. पानं चाळली. “हो,” म्हणाली.

पुढचं मिनिट. “ह्यो पुलाखाली. बग, वरून गाडी गेली.” त्याच्या पुढचं, खारफुटीतलं. “ही चिपीची झाडा. हितं मना पहिल्यांदा सासूनं आनलानी, लग्नाच्या चवथ्या दिशी.” कालवांचा खडक. घाट. प्रत्येक रिकाम्या जागेला अक्का नाव सांगत होत्या, पाणी किती ते सांगत होत्या, आणि वरची वहीत बोट ठेवून बघत होती. सातच्या सात बरोबर. एका ठिकाणी तर अक्का हसल्या. “आनि हितं तू कॅमेऱ्यामागं पाय बदललास. चिखल बोलला.” ज्या तुकड्यांवर सगळ्या गावाने टिंगल केली, नेमके तेच तेवढे अक्कांना दिसले. ज्यांत अक्का स्वतः होत्या, त्यांत त्यांच्याच आवाजाखाली खाडी बुडून गेली होती.

फिल्म संपली. अक्कांनी डोळे पुसले नाहीत, नुसता पदर नीट केला आणि म्हणाल्या, “बाये, परत एकदा.”

वरचीने परत लावली. ती संपल्यावर अक्का पुन्हा म्हणाल्या, “परत एकदा.” त्या दुपारी आमच्या पडवीत ती फिल्म तीनदा झाली. हे उठून आत गेले, कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून. जाताना म्हणाले, “आता खरी मानायला हरकत नाही.”

ती फिल्म पुढे कुठे कुठे दाखवली, लोकांना आवडली म्हणे. रिकाम्या मिनिटांना काहीजण उठून गेले, तेही तिने वहीत लिहून ठेवलंय, किती जण, कितव्या मिनिटाला. आणि मग मागच्या वर्षी ती निघाली. हेदवीच्या बाजूला एका गावात नवं काम धरलंय, होड्या बांधणाऱ्यांचं. आदल्या दिवशी कॅमेरा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मी विळीवर नारळ खवत होते. तिने ते तीनदा घेतलं, तीन नारळ गेले माझे. मग म्हणाली, “काकू, आता जरा बाजूला व्हा.” मी दाराबाहेर उभी राहिले. माझं स्वयंपाकघर मी माझ्याशिवाय कधी बघितलंच नव्हतं. विळी तशीच, पाट तसाच, खिडकीतून ऊन आलेलं, फळीवर तिच्याच चिठ्ठ्यांच्या बरण्या. मला वाटलं, असं असेल होय नंतर. फार काही वाईट नाही दिसत. मिनिट संपलं आणि मी बघितलं तर वरची कॅमेऱ्यात बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

अक्का आता दर सुकतीला टीव्ही लावायला सांगतात. मी रिमोट घेऊन बसते आणि अक्कांना अक्कांवरून पुढे नेते, रिकाम्या जागा येईपर्यंत. वरची खोली मी अजून कुणाला दिली नाही. लोक विचारायला येतात, मी म्हणते, बघू. झाडायला जाते तेव्हा झाडून झाल्यावर जरा उभी राहते. साठपर्यंत मोजते. तिथेही आवाज आहेत बरं का, कौलांवर माडाची झावळी घासते, ते ती असताना कधी ऐकू आलं नव्हतं.

परवा दुपारी भाकऱ्या थापत होते. दार वाजलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. हे खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच थांबले. मी पिठाचे हात धरून थांबले. पलीकडे अंगणात अक्कांनीसुद्धा मान वळवली होती.

बराच वेळ आम्ही तिघंही तशीच होतो.

“वारा हाय गो,” अक्का म्हणाल्या. मग मी भाकरी तव्यावर टाकली.